सगळ्यात हलक्या काठ्यांविषयी भाऊजींस

तीर्थरूप भाऊजींच्या चरणी (तेच चरण, जे म्हणे कुठलाही डोंगर हसतखेळत चढतात) साष्टांग नमस्कार.

इकडे आम्ही अजून उभे आहोत, यावरून खुशाली ओळखावी. आपली तब्येत ठणठणीत असणारच. नसती, तर ताईच्या साठीनिमित्त सगळ्यांना डोंगरावर न्यायची कल्पना आपल्याला सुचली नसती. फोनवर आपण एवढंच म्हणालात, "दोन हलक्या काठ्या घे, की झालं." त्या 'की झालं'मध्ये काय काय झालं, ते सविस्तर कळवतो.

काठी म्हणजे काठी, अशा समजुतीने मी आणि बायको दुकानात गेलो. विक्रेत्याने (पोटऱ्या अशा, की त्याला स्वतःला काठी कधी लागली नसावी) विचारलं, कार्बनची की ॲल्युमिनियमची? कार्बनची हलकी, पण दगडात अडकली तर मोडते. ॲल्युमिनियमची जरा जड, पण मोडण्याऐवजी वाकते. म्हणजे मी पडणार हे दोन्हीकडे गृहीतच. त्या वेळी काठीने काय करायचं, एवढाच प्रश्न. मग काठी लांब-आखूड करायला पिळाचं लॉक की खटक्याचं? मूठ बुचाची की फोमची? भाऊजी, चष्म्याच्या दुकानात बसून मी उभा जन्म लोकांना "हे स्पष्ट दिसतं की हे?" असं विचारत आलो. गिऱ्हाइकं माझ्याकडे तशी का बघतात, ते त्या दिवशी कळलं.

शेवटी आपला शब्द प्रमाण मानून म्हणालो, सगळ्यात हलकी द्या. त्याने दिली ती इतकी हलकी, की हातात आहे की नाही हे बघून खात्री करावी लागे. मूठ धरल्यावर कोपर काटकोनात आलं की उंची बरोबर, असं सांगून त्याने मला दुकानातल्या उतारावर (एरवी त्यावरून सामानाची गाडी ढकलतात) चालायला सोडलं. पिळाचं लॉक मी पिळलं होतं. उलट्या बाजूला. उताराच्या मध्यावर डावी काठी स्वतःच्याच पोटात शिरली आणि मी समोर मांडलेल्या तंबूत. आत एक कुटुंब आधीच बसून बघत होतं. माणसं सज्जन, त्यातली आई सरकून म्हणाली, "या ना, जागा आहे." बायको धावली नाही. ती विक्रेत्याला विचारत होती, "ह्यांना झेपेल अशी खटक्याची दाखवता का?"

खटक्याची ॲल्युमिनियमची जोडी घेऊन आलो आणि इमारतीच्या जिन्यावर सराव सुरू केला. चढताना काठी आखूड, उतरताना लांब, असा नियम आहे. त्यामुळे माझा जास्त वेळ खटके उघडण्यातच जाई. टकटक ऐकून खालच्या मजल्यावरच्या निवृत्त नर्सबाई बाहेर आल्या. "ऑपरेशन कधी झालं?" मी म्हणालो, झालं नाही, डोंगरावर जाणार आहे. "मग होईल," त्या मायेने म्हणाल्या.

काल गावाबाहेरच्या टेकडीवर खरी चाचणी घेतली. चढलो, हे नमूद करतो. उतरताना मात्र खालची घरं दिसली आणि दोन्ही काठ्या बायकोच्या हाती देऊन मी बसून घसरत खाली आलो. (पॅन्टविषयी न विचारणं बरं.) बायको झपझप उतरून माझी वाट बघत उभी होती. म्हणाली, "काठ्या छान आहेत हं."

ताईला नमस्कार.

आपला आज्ञाधारक आणि खरचटलेला,
मेहुणा

ता. क. मुख्य काम राहिलंच. ताईच्या उत्साहापुढे 'मला भीती वाटते' म्हणायची माझी छाती होत नाही. तेव्हा आपला स्वतःचा गुडघा दुखतोय, असं तिला सांगाल का? आपल्याला कोणी भित्रा म्हणणार नाही.

ता. क. २. पाकीट चिकटवणार, तोच ताईचा फोन. मेहुण्याचा, म्हणजे माझा, गुडघा दुखतोय असं आपण तिला परवाच सांगितलंत म्हणे! शिवाय "बिचाऱ्याजवळ कुणीतरी हवं" म्हणून आपणही मन मारून मागे थांबणार आहात. माझ्या काठ्या घेऊन ती आणि माझी बायको जाणार, हे त्या दोघींनी ठरवून टाकलंय. ताई संध्याकाळी माझा गुडघा बघायला येतेय, म्हणून हे पत्र टपालात न टाकता फोटो काढून पाठवतोय. डावा सांगितलाय की उजवा, तेवढं ताबडतोब कळवा.