बोटीतली ट्यूब

आप्पा, परवा नातीनं मला एक साधा प्रश्न विचारला आणि मी तिला खोटं उत्तर दिलं. चाळीसेक वर्षांपूर्वी तुम्हाला दिलं होतं, तेच. ती बेंगळुरूहून सुट्टीला आली आहे. टिळकवाडीच्या घरात, व्हरांड्यात, तुमच्या वेताच्या खुर्चीत पाय वर घेऊन बसली होती आणि मोबाईलवर कसला तरी फॉर्म भरत होती. मालवणला शिडाच्या बोटीतून फिरवून आणतात, तिथं आम्हा दोघांची नावं घालायची होती. "आजोबा, वय?" शहात्तर. "रक्तदाब?" आहे, पण गोळी चालू आहे. "पोहता येतं?" "येतं की," मी म्हणालो. तिनं खूण केली आणि पुढच्या रकान्याकडे वळली. मी कुंपणावरच्या जाईकडे बघत बसलो. आप्पा, मला पोहता येत नाही. कधीच येत नव्हतं. वीस वर्षं समुद्रावर बोट चालवली, तीन शिडं फाटेपर्यंत वापरली, पण कमरेच्या वर पाण्यात मी कधी उतरलो नाही.

तुम्हाला जाऊन सत्तावीस वर्षं होतील आता. तुमची बँक अजून आहे. तुमच्या लेकीनं, आक्कानं, ती तुमच्यासारखीच सांभाळली, आता तिचा मुलगा बघतो. आत काचा आल्या, एसी आला, नंबर पुकारणारी एक बाई आली, ती दिसत नाही, नुसती ऐकू येते. तुमचा सागवानी बाक दाराबाहेर आहे आणि लोक त्याच्यावर हेल्मेटं ठेवतात. परवा मी एक हेल्मेट बाजूला सारून तिथं बसलो. शिपाई नवा आहे, म्हणाला, "अण्णा, आत बसा की, हितं ऊन लागतंय." मी कोण ते त्याला ठाऊक नव्हतं. बरं वाटलं.

आजोबांनी बँक काढली, तुम्ही वाढवली आणि तुमच्यानंतर मी, हे माझ्या बारशालाच ठरलेलं. तुमची केबिन होती, पण अकरा ते एक तुम्ही तिच्यात कधी नसायचा. बाकावर असायचा, शेजारी पितळी पेल्यात ताक. मी एकदा विचारलं, तेव्हा म्हणालात, "ज्याच्याकडं माणसं पैसं ठेवत्यात, त्यो त्यास्नी दिसाय पाहिजे." कर्ज मागायला आलेल्याला तुम्ही शेजारी बसवून घ्यायचा आणि कागद बघायच्या आधी एखादा साधा प्रश्न टाकायचा. यंदा शेतात काय केलंस, म्हैस कधी व्याली, थोरलीचं लग्न कुठल्या महिन्यात झालं. कागदावर यातलं काही लागत नसे. मग हे कशाला, असं मी विचारलं होतं. तुमचं उत्तर माझ्या डोक्यात अजून तसंच आहे: "खोटं बोलणारा लगीच सांगतोय रं. खरं सांगणाऱ्याला आठवाय जरा येळ लागतोय."

शिक्षण संपल्यावर नऊ वर्षं मी त्या बाकावर तुमच्या डाव्या हाताला बसलो, आणि माझं लक्ष मात्र सहावीच्या पुस्तकात. त्यात समुद्रावरची एक कविता होती. आमच्या वर्गातल्या एकानंही तेव्हा समुद्र पाहिलेला नव्हता, मास्तरांनीही नसावा. पण ते कविता म्हणायला लागले की त्यांचा उजवा हात, खडूसकट, आपोआप वर-खाली व्हायला लागायचा आणि मागच्या बाकापर्यंत पाणी आल्यासारखं वाटायचं. मला ती अजून पाठ आहे. बँकेत बसून मी ती पुटपुटायचो आणि तुम्ही ऐकायचा. एकदा ताकाचा घोट घेऊन म्हणालात, "पुस्तकातल्या दर्यात गुडघ्याएवढंबी पाणी नसतंय." मला राग आला होता. आता वाटतं, वाईट वाक्य नव्हतं ते. मास्तरांना आवडलं असतं.

आधी द्राक्षं आली, समुद्र मागनं. अथणीकडच्या द्राक्षांची वाईन करायची, हे माझ्या डोक्यात कुणी घातलं नाही, ते माझं मीच घातलं. त्यासाठी मी निपाणीत तंबाखूची एक जुनी वखार घेतली, कारण तिच्या भिंती हात-हात जाड होत्या आणि मे महिन्यातही आत गार असायचं. पिंपं लावली, कुलूप घातलं, आणि बेंगळुरूला परवान्यांसाठी खेटे मारत वर्ष घालवलं. पिंप उघडलं तेव्हा कळलं की पन्नास वर्षांची तंबाखू त्या भिंतींत मुरलेली आहे आणि ती वाईनमध्ये उतरली आहे. गोव्याचा एक हॉटेलवाला घोट घेऊन म्हणाला, "आता फक्त चुना द्या." तुम्ही आयुष्यात थेंब घेतला नाहीत, पण त्या दिवशी मी पुढे केलेला ग्लास नाकाशी नेलात, बराच वेळ डोळे मिटून राहिलात आणि परत दिलात. "निपाणीची हाय. लपत न्हाय." एवढंच. तिसऱ्या वर्षी मी गावाबाहेर नवी शेड बांधली, वाईन बरी झाली, पुढं तो धंदा चालत्या अवस्थेत दुसऱ्यांच्या हाती दिला. पण लोक अजून त्या पहिल्या वर्षाचीच गोष्ट सांगतात, आणि मीही तीच सांगतो.

बोट घ्यायचं मी ठरवलं तेव्हा मात्र गावात कुजबुज झाली. आधी दारू, आता दर्या. तो दिवस मला स्वच्छ दिसतो. मी केबिनमध्ये आहे, दार अर्धं उघडं आहे, येळ्ळूरचे एक म्हातारे शेतकरी बाकावर तुमच्या शेजारी बसले आहेत. पटका मांडीवर ठेवून ते म्हणतात, "आप्पा, लोक कायबाय बोलाय लागल्यात. तुमचं पोरगं दर्यात जातंय म्हणं. आमचं पैसं न्हाईत न्हवं बुडायचं?" आणि तुम्ही, सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं: "पोरगं बुडंल एक वेळ. तुमचं पैसं न्हाईत बुडायचं." रांग हसली. म्हातारेही हसले, निवांत झाले, पटका बांधून निघून गेले. मी आतल्या आत जळून गेलो. वाटलं, या माणसाला मी गेलो तर चालेल, बँक राहिली पाहिजे.

त्या दुपारी आपण दोघं स्वयंपाकघरात पाटावर जेवायला बसलो होतो. आई तव्यावरची भाकरी थेट ताटात टाकत होती. तुम्ही भाकरीचे चार तुकडे केलेत, पण आमटीत बुडवले नाहीत. खाली मान घालूनच विचारलंत, "पवाय येतंय न्हवं तुला?"

"येतंय की," मी म्हणालो.

तुम्ही मान वर केलीत. माझ्याकडे बघितलंत. मग जेवायला लागलात. मला वाटलं, सुटलो. मुलाला आपल्या गावच्या, येळ्ळूरच्या विहिरीपाशी पाठवायचं नाही हा आईचा हट्ट होता. चुलतभाऊ विहिरीत उड्या मारायचे तेव्हा मी घराच्या पायरीवर पुस्तक घेऊन बसलेला असायचो. तुम्ही त्या वेळी बँकेत असायचा. तुम्हाला काय कळणार, असा माझा हिशेब.

बोट पाण्यात घालायच्या दिवशी तुम्ही आंबोलीचा घाट उतरून मालवणला आलात. गाडीच्या टपावर ट्रकच्या चाकाची ट्यूब, गच्च फुगवलेली, काथ्यानं आवळून बांधलेली. तिला रबराचा इतका वास होता की नारळ फोडायला आणलेले गुरुजीही जरा लांब उभे राहिले. माझा तांडेल, बोटीवरचा मुख्य खलाशी, जो पुढं वीस वर्षं माझ्याबरोबर राहिला, तो तोंडावर हात धरून म्हणाला, "शेटनू, ह्यां कित्याक?" किनाऱ्यावरची चार माणसं हसली. मीही हसलो, आप्पा. त्यांच्या बाजूनं हसलो. तुम्ही ट्यूब खांद्यावर घेतलीत आणि म्हणालात, "माझ्यासाठी आणलीय. मला पवाय येत न्हाय." मग बोटीत बसलात, ट्यूब मांडीवर घेतलीत, आणि तासभर, धोतर ओलं होत असताना, तिला दोन्ही हातांनी धरून होतात. मी सुकाणू धरून उभा, शीड भरलेलं, ओठांवर सहावीची कविता, आणि समोर माझा बाप चाकाची ट्यूब कवटाळून. मला लाज वाटली. उतरताना तुम्ही ती बोटीतच ठेवलीत. "ऱ्हाऊ दे हितंच. परत कधी आलो तर लागंल."

परत तुम्ही कधी आला नाहीत.

तुमच्या तेराव्याला येळ्ळूरचे चुलते जेवून सुपारी कातरत बसले होते. त्यांना सांगावं म्हणून मी ती ट्यूबची गोष्ट काढली. ते कातरायचे थांबले. "कोण? आमचा दादा? त्येला पवाय येत न्हाय?" आणि असे हसले की डोळ्यांत पाणी आलं. "अरं, हिरीच्या वरच्या काठावरनं मुटका मारायचा त्यो. तळाचा चिखल मुठीत घिऊन वर यायचा. आमाला सगळ्यास्नी त्येनंच शिकिवलं." मी उठलो. आत जाऊन तुमच्या खोलीत बसलो. बाकावर एवढी वर्षं बसून लोकांचं खरं-खोटं पारखणारा माणूस चार लोकांसमोर स्वतः खोटं बोलला, आणि ते मी लगेच मानलं.

नात उद्या सकाळी मला घेऊन मालवणला निघणार आहे. त्याआधी चहाच्या वेळी तिला खरं सांगायचं मी ठरवलं आहे. ती फॉर्म बदलेल, कदाचित चिडेल, कदाचित हसेल. पण तिला सांगायच्या आधी तुम्हाला सांगावं, असं वाटलं, म्हणून लिहायला बसलो. हे कागद घडी करून सहावीच्या पुस्तकात ठेवीन, त्या कवितेच्या पानावर. दुसरीकडे कुठं टाकणार?

आणखी एक राहिलं. मी रविवारी मालवणहून परत यायचो आणि सोमवारी बाकावर तुमच्या शेजारी जरा टेकायचो, तेव्हा तुम्ही दर वेळी एकच विचारायचा, "ट्यूब हाय न्हवं बोटीत? हवा हाय न्हवं?" ती हवा मी पहिल्याच दिवशी सोडली होती. तुमची गाडी वळणाआड गेली, तांडेल परत एकदा हसला, आणि मी व्हॉल्व्ह उघडून ट्यूबवर पाय दिला. रिकामी ट्यूब त्याच्या पोरांना झोपाळ्यासाठी देऊन टाकली. तुम्ही होता तोवर बोट ट्यूबविनाच गेली आणि तशीच आली. आणि दर सोमवारी मी तुम्हाला "हाय की, आप्पा" म्हणालो. दर वेळी, लगेच.