रंगरूट

११ नोव्हेंबर
पहाटेच दुबलगुंडीच्या गाडीवाटेनं पळाले. अंबाजीकाका शिट्टी घेऊन बांधावर! फौजेतून हवालदार होऊन आले, अजून रोज इस्त्रीचा शर्ट. मला शिवकन्या म्हणतच नाहीत, रंगरूट म्हणतात. "कामून हो काका? नाव हाय की मला!" तर म्हणे, "इंग्रजांचा रिक्रूट शब्द, शिपायांच्या तोंडात रंगरूट झाला. भरती झालेला, पर अजून जवान न झालेला. ट्रेनिंग संपल्यावर शपथ घ्यायची ती कसम परेड, तवर त्याला नाव न्हाई."
फौजभरतीची माझी लेखी पास आहे. पळण्याची परीक्षा, ग्राऊंडही मारणारच!

१४ नोव्हेंबर
आळंदचं स्थळ आलंय. आप्पा गावभर सांगत सुटलेत – मिलिट्रीचा जावई!

१७ नोव्हेंबर
पाहुणे येऊन गेले. मुलगा धनराज. दिसायला बरा, लाजरा. काकांनी विचारलं, "कंची पलटण?" तो म्हणाला, "अजून ग्राऊंड व्हायचंय." म्हणजे माझ्याइतकाच! रंगरूटसुद्धा नाही. मला हसू आवरेना, पोहे देणाऱ्या धाकट्या बहिणीची, सुशीलाची ताटली कलंडली.
मग काका स्पष्टच बोलले, "भरतीला बिनलग्नाचेच लागतात. पुढंबी चार वर्षं लग्न न्हाई."  तर आप्पा म्हणाले, "गुपचूप उरकू की माघात. मिलिट्रीला कोण सांगायलंय?" आळंदकरांनी माना डोलावल्या. मला कुणी विचारलं नाही.

१८ नोव्हेंबर
डोकं भणाणलंय. रंगरूटानं सगळ्यांच्या आधी उठायचं, उलट बोलायचं नाही, नाव गेलेलं – ही तर नवी सूनच की! फरक एवढाच, सुनेची कसम परेड कधी होतच नाही.
आप्पांना सांगून टाकलं, "लग्न लपवून मी भरती व्हायची न्हाई. आन् भरती सोडून लग्नबी करायची न्हाई." आप्पा उपाशी उठले. मी जेवले! पळायचं होतं.

९ जानेवारी
ग्राऊंड झालं. पुढं दोघीच होत्या. आप्पा अजून बोलत नाहीत.

६ मार्च
निकाल लागला. माझं नाव आहे!! धनराजचं नाही.
दुपारी त्याच्या आईचा फोन. आप्पा नुसते "व्हय, व्हय" करत ऐकत राहिले. मग फोन माझ्यापुढं धरला. "त्यांचा पोरगा चार वर्षं थांबतो म्हणायलाय तुझ्यासाठी. मी काय सांगू? तूच सांग, बाई."