पंधरा घोड्याचं इंजिन

गणपा,

न्हाई, मी भ्यालो न्हाई. आधीच सांगतो. नावंचं आठ घोड्याचं इंजिन काढून पंधराचं बसवायचं का न्हाई, हे मी ठरवणार. त्यात भ्यायचं काय? पण काल जे झालं ते तुला सांगितल्याबिगर राहवंना, म्हणून लिहायलोय. तीन वर्सं झाली तुला जाऊन, पहिलंच पत्र. अक्षर वाकडं हाय, वाच मुकाट.

तुझी ती खोड आठवती का? धरणात बुडलेल्या आपल्या गावावर नाव आली की इंजिन बंद करायचास. वल्ह्यानं कडंवर तीन थापा, अन् मारुतीचं देऊळ मागं पडस्तोवर हातानं वल्हवायचं. आबांनीच शिकवलेलं, "खाली घरं हायती. घरावरून कुणी गाडी पळवतं का?" मी म्हणायचो, आबा गेले, आता बस कर की नाटकं! बाजाराची माणसं खोळंबायलीत. तू नुसता हसायचास.

अन् तिथंच बुडालास. इंजिनाच्या पंख्यात जाळं अडकलं तर एकट्यानं वाकायची काय गरज होती रे? हाक मारता आली न्हाई?

तुझ्यामागं नाव मी घेतली. थापा बंद केल्या. सरळ जायचो. तर देवळावर आलं की इंजिन आपोआप बंद! दर फेरीला. अन् मागली उजवी कड, तुझ्या बसायची, चार बोटं दबायची. मग दोरी वढली की एका झटक्यात चालू. जिंतूरच्या मिस्त्रीनं दोनदा खोललं. म्हणला, "काका, इंजिन ठणठणीत हाय. कचरा तुमच्या डोक्यात असंल."

मी म्हणलं, मोप शहाणा हायस. इंजिनाचा दम गेलाय, मोठं आण.

तुझी शांता न्हाई म्हणली. "दादा, ऱ्हाऊ द्या. ते चढतेत तिथं."

"मेलेलं माणूस तिकीट काढतंय का?" मी खेकसलो. तसं बोलायला नको होतं.

काल भर दुपारी पंधराचं लावून बघितलं. शांता संगं होती. काय पळालं गणपा! देवळावर आलं, थांबलं न्हाई, सुर्र निघून गेलं. मी म्हणलं, बघ!

पलीकडं लागून इंजिन बंद केलं. वारा न्हाई, पाणी काचंवानी. अन् मागं, मधल्या पाण्यावर, थापा. एक. दोन. तीन.

तिथं दुसरी नाव नव्हती. जरा थांबून परत, तीन.

शांता रडली न्हाई. एवढंच म्हणली, "त्यायला मागं ठिवलं तुमी."

येताना इंजिन लावलंच न्हाई. वल्हवत आलो, ह्या वयात! देवळावर थांबून तीन थापा दिल्या. उजवी कड दबली. चार बोटं. मागली फळी वली झाली. शांतानं पदर डोक्यावर घेतला, तू घरात आल्यावर घ्यायची तसा.

पंधराचं आज मिस्त्रीला परत गेलं. आठचंच ऱ्हाईल. देवळावर मीच बंद करीन, इंजिनाला करायची पाळी येणार न्हाई. थापा देईन, तू चढस्तोवर थांबंन. खोळंबू दे बाजाराची माणसं.

मी वळून मागल्या फळीकडं बघितलं का, असं शांतानं दोनदा इचारलं. तिला सांगितलं न्हाई. तुलाबी सांगणार न्हाई. बस.

तुझा थोरला,
नामा