आबांचा हात

१३ जुलै २०२०

सुरू झाल्या एकदाच्या! आजपासून मालिकांचे नवे भाग. इतके दिवस चॅनेलवाल्यांनी तीच लग्नं, तीच डोहाळजेवणं पुन्हा पुन्हा दाखवली आणि आम्ही 'सोफ्यावरून' ह्या आमच्या व्हिडिओंमध्ये त्यांचीच सालं काढली. निधी फोन धरते, मी आईच्या फुलाफुलांच्या चादरीसमोर बसून बडबडतो. टेबललॅम्पला बटरपेपर गुंडाळलाय, तोच आमचा लाइट. कंपनीनं मार्चमध्ये 'घरी बसा' सांगितलं ते अजून 'उठा' म्हटलेलं नाही. नवऱ्याबायकोला वेळच वेळ.

आज ओळीनं सगळ्या बघितल्या. एकाही घरात कोरोना नाही! इथे अख्खं कांजूर तोंड बांधून फिरतंय आणि ह्या बायका भरजरी साड्या नेसून एकमेकींच्या दुधात काहीतरी टाकतायत. एका लग्नाला सहाच वऱ्हाडी — तेच सहा जण, चारी बाजूंनी. नवरानवरीत एवढं अंतर की मधून रिक्षा जाईल. आणि जाहिरातीत म्हणे, 'पुन्हा नव्या जोमानं'!

फक्त 'घर सरपोतदारांचं'ला हात लावायचा नाही. आईचा हुकूम. कारण त्यातले आबा सरपोतदार म्हणजे आमचे बाबा.

१४ जुलै

बाबा घरीच. पासष्टच्या वरच्यांना शूटिंगला बंदी, सरकारी नियम. मढच्या शूटिंगच्या बंगल्यावर सगळे परत गेले, आबा तेवढे कांजूरमार्गला. सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसतात. गिरणी बंद पडली तेव्हाही असेच बसायचे म्हणे. सगळी उमर कामगार नाटकांत हवालदार नाहीतर प्रेत. दोन वर्षांपूर्वी हे आबा मिळाले. आता भाजीवाली पाया पडते. आई लाजते.

१७ जुलै

मालिकेचा असिस्टंट डिरेक्टर मुकुल, त्याचा फोन. 'काका, तुम्ही फक्त आवाज पाठवा घरून. बाकीचं मी जमवतो.'

बाबा असे उठले की जणू गाडीच आलीय न्यायला! बेडरूमच्या खिडक्या बंद, पंखा बंद, डोक्यावरून गोधडी. गोधडीच्या आत बाबा आणि माझा फोन. 'सूनबाई, ह्या घराचा उंबरठा तुमच्या पावलांनी पवित्र झाला' — एवढं एक वाक्य. वरच्या मजल्यावर कुकरची शिट्टी. पुन्हा. मग रिक्षा. पुन्हा. मग आईला शिंक. बाबा गोधडीतून ओरडले, "रत्ना, माझो उंबरठो घालवलंस!"

घामानं निथळत बाहेर आले. इतके खूश मी त्यांना ह्या वर्षात बघितलेले नाहीत. वाक्य मात्र भिकार आहे. कोण लिहितं हे?

१८ जुलै

आज चार वाक्यं. चारही उंबरठ्याबद्दल.

२० जुलै

बघितलं. अरे देवा!

आबांची खुर्ची कॅमेऱ्याकडे पाठ करून ठेवलेली. खांद्यावर आबांची शाल, डोक्यावर टोपी, वरून बाबांचा आवाज. इथपर्यंत ठीक. मग सूनबाई चहा घेऊन येते आणि शालीतून हात बाहेर येतो. काय तो हात! पंचविशीचा, दणकट, काळाभोर केसाळ, आणि मनगटावर टॅटू. विंचू! त्रिकाळ संध्या करणाऱ्या आबा सरपोतदारांच्या मनगटावर नांगी उगारलेला विंचू! आणि सूनबाई त्या विंचवाला वाकून नमस्कार करते. मागून बासरी.

एडिटरनं बघितलं नाही? डिरेक्टरनं? चॅनेलच्या त्या एसीतल्या दहा शहाण्यांनी? प्रेक्षक म्हणजे बैल, दिसेल ते रवंथ करेल, असं ठरवूनच बसलेत हे लोक.

बाबा पोट धरून हसत होते. "ह्यो तर आमचो लाइटवालो! माझो हात बघ कसो झालो, तरणाबांड!"

२१ जुलै

दिवसभर डोक्यात विंचू. ह्याच्यावर नाही करायचं तर 'सोफ्यावरून' करायचं कशाला?

निधी म्हणाली, "बाबांची सिरियल आहे, सिद्धेश. सोड ना."

"मी बाबांवर कुठे हसतोय? हातावर हसतोय!"

"हात आणि आवाज एकाच माणसाचे आहेत रे टीव्हीत."

आई भाजी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "घरच्याच माणसान पोटार पाय दिलो तर सांगूचा कोणाक?"

ह्यावर बाबाच खुर्चीतून, "करूक दे गो त्येका. हसण्यासारख्या असा तर लोक हसतले. नाटकात माझी मिशी पडली तेव्हा मी नाय हसलंय?"

झालं. खुद्द आबांनी परवानगी दिली.

२३ जुलै

टाकला. 'लॉकडाऊनमध्ये सगळी दुकानं बंद, मग आबांनी टॅटू काढला कुठे?' इथून सुरुवात, आणि शेवटी मी शाल पांघरून सोफ्यावर पाठमोरा, मनगटावर स्केचपेननं विंचू. निधीला हसू आवरेना, फोन हलला, तो हललेला शॉट तसाच ठेवला.

संध्याकाळपर्यंत वाट लागली चॅनेलची! मुलुंड, बोरिवली, पार रत्नागिरीपर्यंत लोक शाली पांघरून मनगटावर विंचू काढतायत, फोटो टाकतायत. एवढं आमचं कधीच चाललं नव्हतं.

बाबांनीही बॉलपेननं काढून घेतला. निधीकडून. नांगी जरा मोठी काढायला सांगितली.

२५ जुलै

घाटकोपरच्या मामाचा फोन — 'तूच तो विंचूवाला ना?' झकास!

२८ जुलै

मुकुलनं वाक्यं पाठवलेली नाहीत. काल नाही, आज नाही. बाबा गोधडी घडी करून उशाशी ठेवतात.

मालिकेत आज आबांची खुर्चीच नव्हती. 'आबा झोपलेत' म्हणे. दुपारी चार वाजता, घरात साखरपुडा चालू असताना! इतकं आळशी लिखाण. ह्याच्यावरही करता येईल.

३० जुलै

आबा अजून झोपलेत.

बाबांनी मला दोनदा विचारलं, माझ्या फोनाक रेंज असा मां? मी फोन हातात घेऊन बघितल्यासारखं केलं. रेंज होती.

१ ऑगस्ट

मुकुलचा फोन. बाबांना नाही, मला.

"तुला कोणी सांगितलं होतं रे? लाइटवाल्याला बसवायची आयडिया माझी होती. चॅनेल पहिल्या दिवसापासून म्हणत होतं, आबांना उडवा. मी काकांसाठी भांडून जागा राखली होती. आता चॅनेल म्हणतं, आबा आले की लोक हसतात."

मी म्हटलं, निदान फुल शर्ट घालायचा ना त्याला! तो म्हणाला, "मंगळवारचा भाग काकांना बघू देऊ नकोस."

त्यानं फोन ठेवल्यावर मला सुचलेली उत्तरं एकाहून एक जोरदार होती. एकही उपयोगाचं नाही. विंचू खुर्चीत बसवला मुकुलनं, लोकांना तो नीट दाखवला मी. मला लाज वाटतेय आणि रागही येतोय, आणि राग कोणावर काढायचा ते कळत नाहीये.

निधीला सांगितलं. ती 'मी म्हटलं होतं' असं म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं.

४ ऑगस्ट

बाबांना टीव्ही बघू द्यायचा नाही म्हणजे काय करायचं? केबल गेली म्हणालो. बाबांनी उठून मागची वायर लावली.

आबा झोपेतच गेले. प्रेतही दाखवलं नाही. सरळ भिंतीवर फोटो — दोन वर्षांपूर्वी लुक टेस्टला काढलेला, हसरा — आणि त्याला चंदनाचा हार. सूनबाई रडली. रडताना सॅनिटायझरची बाटली मागे टेबलावर दिसत होती. मला दिसली. अशा वेळीही मला तीच दिसते.

आई उठली. आत जाऊन साखर घेऊन आली आणि बाबांच्या तोंडात घातली. त्यांच्या नाटकमंडळींत रीत होती — स्टेजवर जो मेला त्याचं तोंड पडदा पडल्यावर लगेच गोड करायचं, म्हणजे मरण तिथंच राहतं. प्रेताची कामं करायचे तेव्हा बाबा गंमत म्हणून दोनदा मागायचे म्हणे.

आज एकदाच घेतली. "आबा गेले चांगल्या वेळेर," एवढंच म्हणाले. कोणाला म्हणाले कळलं नाही. माझ्याकडे बघितलं नाही. शिव्या दिल्या असत्या तर ऐकल्या असत्या मी.

५ ऑगस्ट

'सोफ्यावरून' ह्या आठवड्यात नाही. लोक विचारतायत, आबांच्या मरणावर कधी करणार? करा ना यार, फोडून टाका! हलकट लेकाचे.

७ ऑगस्ट

हायकोर्टानं पासष्टची अट रद्द केली. ज्येष्ठ कलाकारांना सेटवर जायला मोकळीक. बातमी लागली तेव्हा आम्ही चौघंही टीव्हीसमोरच होतो. बाबा माझ्याकडे वळले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

"सिद्धेश, तू सगळ्यो बघतंस म्हणून विचारतंय. सिरियलीत मेलेली माणसां परत येतत मां रे?"

मी म्हटलं, "येतात, बाबा. नेहमी येतात."