चाकाशेजारी क्लेम

वॉलबी क्रीक, मंगळवार

प्रिय क्लेम,

शनिवारी नव्या चाकावर पाणी सोडलं. सगळं गाव ओढ्याकाठी जमलं होतं. चाक जागचं हललं नाही. म्हणून हे पत्र, एकतीस वर्षांनी.

चाक माझ्याच फोटोवरून बांधलं. खाणीतलं सोनं संपलं तरी तिथलं ते जुनं पाणचाक उभं होतं. वणव्याच्या आदल्या उन्हाळ्यात मी त्याचा फोटो काढला. उंचीचा अंदाज यावा म्हणून तुला शेजारी उभं केलं. तू कुरकुरत होतास, "ताई, माशा फाडून खातायत, उरक की!" मी तुला अर्धा तास हलू दिलं नाही. चाक जळाल्यावर तो फोटो गावच्या सभागृहात लागला, तेव्हा तू सगळ्यांदेखत म्हणालास, "ताई, उलटा छापलायस. पाण्याची पन्हळ टेकडीकडून यायची, ही कुरणातून येतेय!" आणि मी म्हणाले, "आठवीत शाळा सोडलेल्यानं मला फोटो शिकवू नये." लोक हसले. तू टोपी उचललीस. पर्थला गेलास हे मला आईकडून कळलं.

यंदा सुतारकाम बार्नी पेंगेलीकडे होतं. त्यानंही विचारलं, "बाई, पाणी धरणारी खोकी अशी वळवली तर चाक फिरायचं नाही, नुसती आंघोळ करील." मी फोटोवर बोट ठेवलं. शाळेत त्यानं माझ्या छड्या खाल्लेल्या, खोकी फोटोबरहुकूम वळवली.

शनिवारी घरी येऊन निगेटिव्ह शोधली. फिल्मच्या कडेला छापलेले आकडे सुलट दिसतील अशी खिडकीशी धरली. पन्हळ टेकडीकडूनच येत होती. आणि चाकावर टेकलेला तुझा डावा हात, करंगळी नसलेला. भिंतीवरच्या फोटोत उजव्या हाताची करंगळी गेलेली आहे. करवतीनं ती तुटली तेव्हा तो हात मांडीवर घेऊन तुला दवाखान्यात मीच नेलं होतं. एकतीस वर्षं त्या फोटोखाली बसून मी सभा चालवल्या. चाक पाहिलं. तुला पाहिलं नाही.

काल सभेत उभी राहून सांगितलं, की चूक माझी होती आणि क्लेमचं बरोबर होतं. कोणी हसलं नाही. आता चाक उतरवून, फिरवून बसवायचं आहे. बार्नी म्हणतो, "क्लेम आला तरच हात लावीन." माझंही तेच म्हणणं आहे. ये. तुझी खोली झाडून घेतली आहे.

तुझीच,
ॲव्हिसताई

सोबत: मूळ निगेटिव्ह, एक. आज सुलट छापलेला फोटो, एक. जुन्या फोटोमागे मी नुसतं 'चाक' लिहिलं होतं. ह्याच्यामागे 'चाकाशेजारी क्लेम' असं लिहिलं आहे.