गॅलरीतला पांढरा टॉवेल

रवि. १ फेब्रु. १९८७
कुसुम गेल्यापासून एकट्यापुरता कुकर लावतोय, हात अजून बसत नाही. भात उरलाच.

खालच्या सुरेशने त्याच्या व्हिडिओवरून तिन्ही बिल्डिंगींना केबल दिल्यापासून रविवार दुपार त्याच्या हातात आहे. फोन कुणाकडे नाही, म्हणून त्याचा कायदा असा: गॅलरीत पांढरं कापड म्हणजे मराठी, रंगीत म्हणजे हिंदी पिक्चर. हा गच्चीवर येऊन मोजतो. कंटाळलात तर मधेच कापड बदला, तोही कॅसेट बदलतो. दूरदर्शनला पत्रं लिहून जन्म गेला, इथे टॉवेल टाकला की ऐकतात.

शेजारच्या परबवहिनी बांगड्याचं कालवण देऊन गेल्या. जाता जाता म्हणाल्या, "भाऊ, गेल्या गणपतीच्या कॅसेटीत वयनींची फुगडी आसा."
मला माहीतच नव्हतं. कुसुमचे फोटो आहेत ते सगळे तोंड मिटलेले. आवाज कुठेच नाही.

सोम. २
सुरेशला गाठलं. गणपतीची कॅसेट लावशील का?
"काका, पब्लिक बोलेल तेच. पांढरे जास्त आले तर लावतो ना."
कारण सांगितलं नाही.

रवि. ८
पांढऱ्यांनी बाजी मारली. हसू आलं, कारण अर्धी मतं शाळेच्या युनिफॉर्मची होती. रविवारी सगळ्या आया तेच वाळत घालतात आणि हा पठ्ठ्या तेही मोजतो.
कॅसेट लागली. आधी सोसायटीच्या चेअरमनचं भाषण, संपता संपेना. लोक वैतागले, गॅलऱ्यांत रंगीत साड्या लोंबू लागल्या. पटांगणात बायका पदर खोचून जमल्या, हिरवा काठ दिसला, तिचाच असावा, आणि
खटकन हिंदी पिक्चर.
उठून टीव्हीच्या काचेला हात लावला. मूर्खपणा. फार एकटं वाटलं.

मंगळ. १०
परबवहिनींनी सरळच विचारलं, भाऊ जेवत का नाय? सांगून टाकलं. त्यांच्यासमोर रडलोही.
"मग माका आधी सांगूक काय झाला हुता?"
पदराने डोळे पुसून, भांडी घासायची सोडून, तशाच जिना उतरून गेल्या.

रवि. १५
सगळा चौक पांढरा. टॉवेल, धोतरं, चादरी. वरच्या शहांना मराठी नाटक कळत नाही, त्यांनीही बेडशीट सोडलेलं. चेअरमनचं भाषण सगळ्यांनी निमूट सोसलं.

मग कुसुम. परबवहिनींबरोबर फुगडी. अंबाडा सुटलेला, धापा टाकतेय, हसतेय. "पुरे गं बाई, आता दम लागला." नंतर पडद्यावर रेघा आल्या.
तिला इतकं मोकळं हसताना मी घरात कधी पाहिलं होतं, आठवेना.
संध्याकाळी शहांकडून ढोकळा आला. उरलेला भात परतून खाल्ला, पहिल्यांदा चव लागली.

शुक्र. २०
सुरेश वर आला. चहा घेतला, बराच वेळ कपाशी चाळा. काकू त्यात आहेत हे त्याला ठाऊक नव्हतं म्हणाला. मग मुद्द्यावर आला.
"काका, कॅसेट घासलीय. आणखी एकदोनदा चालेल, मग चित्र, आवाज सगळं जाईल."
कॉपी? आधीच धूसर, कॉपीत तोंडही ओळखू येणार नाही, आवाजही नुसता खरखरेल म्हणे.
"तुम्ही बोलाल तसं. आता त्या कॅसेटला पब्लिक नाय, तुमचाच टॉवेल बघतो."

रवि. २२
सकाळपासून कुठल्याच गॅलरीत काही नाही. युनिफॉर्मसुद्धा आत वाळत घातलेत. परबवहिनींचं दार किलकिलं आहे, टीव्हीचा आवाज नाही.
सुरेश गच्चीवर उभा, इकडेच बघतोय.
टॉवेल धुतलाय, पिळलाय. हातातच आहे. त्याचं पाणी पायावर ठिबकतंय. दोरीपर्यंत हात नेला, पुन्हा खाली घेतला. "पुरे गं बाई" एवढं एकदाच अजून ऐकावं, की तिला तशीच कॅसेटीत हसत राहू द्यावं?