डोकं त्यांचं, केस त्यांचे

दि. ९ जानेवारी

चि. ठकूस,
अ. उ. आ.

सुखरूप पोचलो. बायको गेल्यावर रिकाम्या घरात भिंती मोजत बसण्यापेक्षा देवाच्या कामी यावं, म्हणून पासष्टाव्या वर्षी मी मिशनरी झालो, हे तू सगळ्या नातेवाइकांना हसत हसत सांगितलं असशीलच. आता आणखी हस. बत्तीस वर्षं हेडमास्तरकी केलेला तुझा भाऊ इथे न्हावी झाला आहे.

मी चाळीस प्रवचनं वहीत सुवाच्य अक्षरात लिहून आणली होती. मिशनच्या दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी वही चाळली, अक्षराचं कौतुक केलं, आणि प्रवचनाला चर्चचे पाळक आहेत पण केस कापणारा महिन्यापूर्वी सोडून गेला, असं सांगून माझ्या हातात कात्री-कंगवा दिला. इथले रोगी महिनोन्‌महिने पडून असतात. डोकी वाढलेली, उवा झालेल्या.

पहिलं गिऱ्हाईक दवाखान्याचा सुतार. डावी बाजू आखूड झाली म्हणून उजवी कापली, ती जास्त झाली म्हणून पुन्हा डावी. असं सारखं करता करता बिचाऱ्याचं डोकं भादरून निघालं. दुसऱ्या दिवशी तो सपाटी बघायची पाणसळ घेऊन आला, ती टकलावर आडवी ठेवली आणि बुडबुडा अगदी मध्ये आल्याचं साऱ्या वॉर्डाला दाखवलं. लोक खोकला येईपर्यंत हसले. मी रागानं खोलीत जाऊन बसलो.

आमच्या चिरंजिवांचं काही कळतं का? नऊ वर्षं तो माझ्याशी बोललेला नाही. आईच्या अंत्यविधीलाही मागच्या बाकावर बसला आणि परस्पर गेला. मरण्याआधी एकदा त्याच्या तोंडून बाबा अशी हाक ऐकावी, एवढंच मागणं आहे. मी विचारलं असं मात्र त्याला सांगू नकोस.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा,
दादा


दि. २१ जानेवारी

ती. दादास,
सप्रेम सलाम. वि. वि.

तुझं पत्र वाचताना यांना असा ठसका लागला की चहा नाकातून आला. मी मात्र देवाचे आभार मानले. तुझ्या वर्गात टाचणी पडली तरी ऐकू यायची. आता तुझ्यामुळे अख्खा वॉर्ड हसतो, ही बढतीच समज. पण लहान मुलासारखं तोंड फुगवून बसू नकोस. आधी त्या सुताराची माफी माग.

माझा भाचा बरा आहे. घरोघरी वायरिंगची कामं करतो. दर रविवारी माझ्याकडे जेवतो आणि आपलं ताट आपण घासतो. तुझा विषय निघाला की मात्र पंखा दुरुस्त करायला उठतो. त्या पंख्याचे नऊ वर्षांत इतके लाड झालेत की आता तो बिघडायलाच लाजतो.

तू विचारलंस हे मी सांगितलं नाही. पण दादा, विचारायचं तर उघड विचार. मी बहीण आहे, पोस्टमन नाही.

औषधं वेळेवर घे आणि दोन ओळी वरचेवर लिहीत जा.
तुझी,
ठकू


दि. २ मार्च

चि. ठकूस,
अ. उ. आ.

सुताराची माफी मागितली. केस वाढेपर्यंत विचार करतो म्हणाला. मला चक्क हसू आलं.

मध्यंतरी मी केस कापता कापता प्रवचन सुरू केलं होतं. कात्री कानाशी असताना उठून जाणार कोण? शेवटी स्वयंपाक्यानं हात जोडले आणि मास्तर, एका वेळी एकच काहीतरी करा, अशी विनवणी केली. तेव्हापासून मी गप्प आहे. आणि मी गप्प बसल्यावर लोक बोलू लागले. एका म्हाताऱ्या बस कंडक्टरनं बायकोलाही न सांगितलेलं दुःख माझ्याकडे पाठ फिरवून बसल्या बसल्या सांगितलं. त्याला उत्तर नको होतं. माझ्या चाळीस प्रवचनांत त्याच्या कामाचं एकही नव्हतं.

मग माझ्या हातून एक वाईट गोष्ट घडली. तापातून उठलेल्या एका धोबिणीचे लांब केस मी उवांसाठी न विचारताच कानापर्यंत कापले. ती नुसती खाली पडलेल्या केसांकडे बघत राहिली. डॉक्टरीणबाईंनी मला सगळ्यांदेखत खडसावलं. डोकं त्यांचं, केस त्यांचे, आधी विचारायचं आणि मग हात लावायचा, असं त्या म्हणाल्या. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. कशामुळे, ते तुला ठाऊक आहे.

धोबिणीची क्षमा मागितली. आता प्रत्येकाला आधी विचारतो, किती ठेवू म्हणून.

सोबतची चिठ्ठी त्याला दे. एवढ्या एका वेळेपुरती पोस्टमन हो. मी विचारलं, हेही सांग.

तुझा,
दादा


(सोबतची चिठ्ठी)

चि. बाळास,
आशीर्वाद.

तू सतरा वर्षांचा असताना मी तुला प्रार्थनेच्या वेळी साऱ्या शाळेसमोर उभं केलं आणि तुझे वाढवलेले केस कापले. शिस्तीसाठी कापले, असं मी आजवर सांगत आलो. खरं म्हणजे लोक मला हसतील याची भीती वाटली होती. केस तुझे होते. मी चुकलो.

उत्तर दिलंच पाहिजेस असं नाही. इथे लोक मला रोज हसतात आणि मी ठणठणीत आहे.

तुझा,
बाबा


दि. १९ मार्च

ती. दादास,
सप्रेम सलाम. वि. वि.

चिठ्ठी दिली. त्यानं ती उभ्या उभ्या दोनदा वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि जेवायला बसला. पंख्याकडे गेला नाही. बोलला मात्र काहीच नाही, तेव्हा मीही तुला खोटी आशा लावत नाही. पण लहानपणापासून तुझा धाक वाटत आला, आज पहिल्यांदा अभिमान वाटला. तो अभिमान तुझ्यापाशी पोचावा म्हणून हे पत्र.

प्रकृतीला जप, आम्हाला आठवणीत ठेव.
तुझी,
ठकू


दि. ६ एप्रिल

ती. आत्यास,
सप्रेम सलाम. वि. वि.

परवाच्या रविवारी जेवायला आलो नाही म्हणून रागावली असशील. बाबांकडे गेलो होतो.

व्हरांड्यात बाकावर रांग होती, मी सहावा. बाबा दातांत जीभ धरून कुणाचे तरी केस कापत होते. रोगी त्यांची टर उडवत होते आणि सगळ्यांत मोठ्यानं कुणीतरी हसत होतं. ते बाबाच आहेत, हे कळायला मला वेळ लागला. ते हसणं मी घरी कधी ऐकलंच नव्हतं.

माझी पाळी आली. मला पाहून त्यांनी कात्री खाली ठेवली. गळ्याशी कापड बांधायला लागले, तर तीनदा गाठ सुटली. मग त्यांनी सगळ्यांना विचारतात तसंच मलाही विचारलं, किती ठेवू. नऊ वर्षं मी काय काय बोलायचं ठरवून ठेवलं होतं, त्यातलं काही तोंडात आलं नाही. तुम्हाला योग्य वाटेल तेवढे, बाबा, असं म्हणालो. ते म्हणाले, नाही, तू सांग.

मी सांगितलं. त्यांनी दर कात्रीला थांबून, एवढे चालतील ना, असं विचारलं. तासभर लागला. मागे रांग होती, पण कुणी कुरकुरलं नाही.

जेवणाआधीची त्यांची प्रार्थना आठवते ना, अन्न गार व्हायचं. या वेळी, मुलगा आला म्हणून तुझे आभार, एवढंच म्हणाले आणि अडकले. मग आमेन मीच म्हटलं.

आत्या, नऊ वर्षांच्या रविवारांचे उपकार कसे फेडू, कळत नाही. आतोबांना सलाम सांग आणि तुझा हात माझ्या पाठीवर असाच असू दे.

केस डावीकडे आखूड झाले आहेत. कामावर सगळ्यांनी विचारलं, कुणी कापले म्हणून. मी सांगितलं, माझ्या वडिलांनी.

तुझा,
भाचा